खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी कोणता आरओ घ्यावा? (बेळगाव, नळ आणि बोअर दोन्ही)

वडगावकर

नमस्कार मंडळी. बेळगावात वडगाव भागात राहतो. दिवाळीनंतर घरी खाऱ्या पाण्याची टाकी लावली आहे. चार बाय दीड बाय दीड फूट, दगड आणि वाळू वजा जाता साधारण दोनशे लिटर पाणी राहतं. आत क्लाउनफिशची जोडी, एक क्लीनर कोळंबी आणि चार-पाच शंख आहेत. प्रवाळ अजून घेतलेलं नाही, कारण पाणीच जमेना.

अडचण अशी की वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर चढतो. काचेवरून बोट ओढलं तर दालचिनीची पूड लागल्यासारखं दिसतं. सकाळी पुसून ठेवतो, संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच. लाइट कमी करून बघितला, खाणं दोन दिवसांआड केलं, तरी फरक नाही. मीठ चांगल्या कंपनीचं आहे. पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं घेतो. परवा टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवणारा) आणला आणि त्या पाण्यात बुडवला तर ९५ दाखवतोय. मी समजत होतो आरओ म्हणजे शून्यच.

दुकानात विचारलं तर म्हणाले, अॅक्वेरियमचा वेगळा प्लँट लागेल, बाहेरून मागवावा लागेल, अठरा हजार होतील. माझी तयारी दहा-बारापर्यंत आहे. चार स्टेज घ्यावा का सहा? ७५ जीपीडी (दिवसाला गॅलन) का १००? इथल्या पाण्याचा अनुभव असलेल्यांनी सांगावं. मुलगी रोज शाळेतून आली की आधी टाकीपुढे बसते. तिला हे टिकलेलं बघायचंय, आणि मलाही.

टिळकवाडी_रीफ

स्वागत आहे. बेळगावातून आणखी एक खाऱ्या पाण्याचा माणूस मिळाला याचा फार आनंद झाला.

लगेच काही विकत घेऊ नका. आधी आठ दिवस पेन घेऊन फिरा. बेळगावात बहुतेक घरांत जमिनीखालच्या टाकीत नळाचं आणि बोअरचं पाणी एकत्र पडतं. नळ आला त्या दिवशी टाकीत एक पाणी, चार दिवसांनी दुसरंच. मशीनमध्ये काय जातंय हे माहीत नसताना मशीन निवडणं म्हणजे माप न घेता सदरा शिवणं. नळाची तोटी, बोअर, वरची टाकी आणि आरओचं पाणी, असे चार आकडे रोज लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, ते ९५ कुठून आले. तुमच्या आरओत टीडीएस अॅडजस्टर असणार. मेम्ब्रेनच्या, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्याच्या, बाजूला स्क्रूवाला छोटा व्हॉल्व्ह असतो, त्यातून कच्चं पाणी थोडं थोडं शुद्ध पाण्यात मिसळतं. पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून तो ठेवलेला असतो आणि पिण्यासाठी ते ठीकच आहे. पण मेम्ब्रेनने जे अडवलं तेच तुम्ही मागच्या दाराने परत टाकीत घेताय. पुढे मिनरल कार्ट्रिज असेल तर ते आणखी भर घालतं.

आता ९५ ने काय बिघडतं? समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यात ९५ मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. खारेपणाच्या हिशेबात ते खरंही आहे. प्रश्न त्या ९५ मध्ये काय काय आहे हा आहे. टाकीतून रोज पाणी उडतं, क्षार मागे राहतात. दोनशे लिटरच्या टाकीतून दिवसाला तीन लिटर उडतात असं धरा. सहा महिन्यांत ५४० लिटर पाणी तुम्ही वरून घालता. त्यात लिटरमागे फक्त १० मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर ५,४०० मिलिग्रॅम आत गेलं. दोनशे लिटरला भागा, २७ येतात. मासे खातात-घाण करतात त्याचं नायट्रेट वेगळंच. तुमचा तपकिरी थर डायटमचा, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचा आहे, त्याला सिलिका लागते. ती आपल्या भागातल्या दगडातून पाण्यात येते. सिलिका टीडीएस पेनला जवळजवळ दिसतच नाही, हे लक्षात असू द्या.

निपाणीकरीण

माझ्याकडे १२० लिटरची आहे, दोन वर्षं झाली. वरच्या पोस्टला पूर्ण दुजोरा. आमच्या बोअरला उसाच्या शेतांचा शेजार आहे, नायट्रेटची किट लावली तर लालभडक. आरओ नायट्रेटला कॅल्शियमइतकं घट्ट अडवत नाही, थोडं निसटतंच. मेम्ब्रेनच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार पकडणारे दाणे) बसवल्यावर माझी टाकी सुधारली. त्याआधी वर्षभर मी मीठ बदलत बसले होते.

आणि दादा, तांब्याकडे लक्ष द्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, तांबं लिटरला ०.०५ मिलिग्रॅम हवं म्हटलंय, पण दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. माशांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात ते ०.१५ ते ०.२० च्या घरात असतं, आणि तेवढ्याने कोळंबी, शंख, प्रवाळ मरतात. म्हणजे माणसाला चालणारं पाणी कोळंबीचा जीव घेऊ शकतं. शुद्ध पाण्याच्या वाटेत पितळी तोटी, पितळी जोड काही ठेवू नका. शुद्ध पाणी भुकेलेलं असतं, धातूतून ओढून घेतं. माझी पहिली कोळंबी अशीच गेली. तोटी बदलल्यावर दुसरी दीड वर्ष जगली आहे, अजून आहे.

घाटाखालचा

मी सावंतवाडीकडचा, पण बहीण खानापूरला दिली आहे म्हणून इकडं येणं असतं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा समुद्राचं पाणीच का नाही आणत? बेळगावातून चोर्ला घाटाने गोवा, आंबोलीने वेंगुर्ला. महिन्यातून एक फेरी, चार कॅन.

टिळकवाडी_रीफ

दादा, मी तीन वर्षं तेच केलं. चांगलं पाणी मिळालं तर त्यासारखं दुसरं नाही. पण पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळून किनाऱ्याजवळ खारेपणा घसरतो, गाळही असतो. कारवारला काळी नदीच्या मुखाजवळून आणलेलं पाणी मी मोजलं तर २४ भरलं, हवं ३५. बंदर, होड्यांची जागा, नदीचं मुख, सगळं टाळून आणावं लागतं. आणि मुख्य म्हणजे उडालेलं पाणी समुद्राच्या पाण्याने भरता येत नाही, ते गोडंच लागतं. म्हणजे आठवड्याला वीस-बावीस लिटर शुद्ध पाण्याची सोय तुम्हाला तरीही करावीच लागते.

हा विषय निघालाच आहे तर सगळ्यांना कळकळीची विनंती. किनाऱ्यावर गेल्यावर जिवंत प्रवाळ, समुद्रघोडा, सी फॅन असलं काही उचलून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ते संरक्षित आहेत. मालवणच्या खडकांवरचं तिथंच शोभतं.

वडगावकर

आठ दिवसांचे आकडे आणलेत. बघून मी स्वतःच चकित झालो.

सोमवारी नळ आला. तोटीला ८५. बोअर थेट ६४०. वरच्या टाकीत सोमवारी संध्याकाळी १८०, बुधवारी ३९०, शुक्रवारपासून ६०० च्या वर. आरओचं पाणी सोमवारी ३४, आणि शनिवारी ९८. मी पेन आणला तो शनिवार होता.

आरओ उघडला. स्क्रू अर्धा उघडा होता. सर्व्हिसला येणाऱ्या माणसाला फोन केला तर म्हणाला, पन्नासच्या खाली पाणी द्यायचं नाही असं आम्हाला सांगितलंय, म्हणून सोडलाय. त्याचंही चूक नाही, त्याला काय माहीत मी मासे पाळतो. स्क्रू पूर्ण बंद केला तेव्हा शनिवारच्याच पाण्यावर ९८ चे २८ झाले. नुसता स्क्रू!

आता २८ वर समाधान मानावं का पुढं जावं?

उद्यमबाग_टर्नर

पुढं जावा. आमच्या कारखान्यात डीएम प्लँट (पाण्यातले क्षार काढणारा) आहे, पंधरा वर्षं तेच बघायलोय, म्हणून लिहितो.

आरओच्या पुढं डीआय, म्हणजे मिक्स बेड रेझिनचा एक हाऊसिंग (डबा) लावायचा. रेझिन म्हणजे रव्याएवढे गोल दाणे. अर्धे दाणे कॅल्शियम, सोडियम असले धन आयन पकडतात, अर्धे क्लोराइड, नायट्रेट, सिलिका पकडतात, आणि बदल्यात जे सोडतात त्याचं पाणीच होतं. आयन राहत नाहीत म्हणून पेन शून्य दाखवतो.

पण रेझिनला पोटाचं माप आहे. एक लिटर मिक्स बेड साधारण २५ ग्रॅम क्षार पकडतं धरा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. तुमचं ६४० चं बोअर थेट त्यात सोडलं तर चाळीस लिटरमध्ये खेळ खलास. २८ चं पाणी सोडलं तर कागदावर नऊशे लिटरच्या आसपास. आणि नळाच्या ८५ ला आरओ करून ३-४ आलं तर हजारोंनी लिटर. म्हणून आरओशिवाय डीआय परवडत नाही आणि डीआयशिवाय आरओ शून्याला पोचत नाही.

हाऊसिंग उभाच लावा. आडव्या नळकांड्या मिळतात त्या घेऊ नका, दाणे खाली बसतात आणि वरच्या पोकळीतून पाणी रेझिनला न शिवता निघून जातं. पाणी खालून वर चढलं पाहिजे. दाणे ठासून भरा, वरखाली स्पंज. रंग बदलणारं मिळालं तर बरं, संपत आलं की निळ्याचं पिवळसर होतं. उद्यमबागेत कुणाकडं पुन्हा चार्ज केलेलं रेझिन स्वस्तात मिळेल, ते टाकीला नको. त्याआधी त्यात काय अडकलं होतं ते कुणाला माहीत! नवीनच घ्या. आणि डीआयचं पाणी घरात प्यायच्या लाइनला जोडू नका, तोटी वेगळी ठेवा.

चंदगडी

आमच्याकडं वरून देव एवढं पाणी ओततोय, ते का नाही कुणी बघत? जून ते सप्टेंबर कौलावरनं धो धो. माझा पेन पावसाच्या पाण्याला ६ दाखवतोय. पहिले दोन-तीन मोठे पाऊस कौलं धुऊन जाऊ द्यायचे, मग पत्र्याच्या पन्हळीतनं नको, प्लास्टिकच्या पन्हळीतनं फूड ग्रेड ड्रममध्ये घ्यायचं. कापसाचा, मग कार्बनचा फिल्टर, मग डीआय. मी चार महिने आरओ चालूच करत नाही. मेम्ब्रेन नुसतं पडून वाळू नये म्हणून आठवड्यातून एकदा अर्धा तास सोडतो तेवढंच.

अथणीची_धूळ

मी टाकी ठेवलेली नाही, ठेवायची फार इच्छा आहे म्हणून धागा वाचतोय. एक मनातलं बोलतो. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो. घागरी लावून बाया उभ्या असतात. अशा ठिकाणी एक लिटर माशाला आणि तीन-चार लिटर मोरीत, हे मला पटत नाही. तुम्ही लोक वाया जाणाऱ्या पाण्याचं काय करता?

निपाणीकरीण

फार योग्य प्रश्न विचारलात. वाया जाणारं पाणी घाण नसतं, तेच पाणी थोडं घट्ट झालेलं असतं. माझ्याकडे ते बादलीत येतं, फरशी पुसायला आणि संडासाला जातं. तुमच्याकडे टँकरच असेल तर मी प्रामाणिकपणे सांगते, उन्हाळ्यात टाकी सुरू करू नका. पावसाच्या पाण्यावर लहान टाकी, चंदगडी दादांसारखी, ते तुम्हाला जमेल.

टिळकवाडी_रीफ

अथणीच्या मित्राचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वडगावकरांचं उत्तरही त्यातच आहे.

बोअरच्या ६४० वर आरओ चालवला तर वाया जाणारं पाणी नऊशेच्या वर जातं, ते झाडांना रोज घालवत नाही. शिवाय कडकपणा इतका की मेम्ब्रेनवर चुना धरतो. चुना धरू नये म्हणून जास्त पाणी सोडावं लागतं. नळाच्या ८५ वर चालवला तर वाया जाणारं पाणी जेमतेम १२० येतं. ते कपडे धुवा, कुंड्यांना घाला, वरच्या टाकीत परत चढवा, काहीही करा. थेंबही मोरीत जायला नको.

म्हणजे वडगावकर, तुम्हाला बोअरशी झगडणारा मोठा प्लँट नकोच. नळाचं पाणी वेगळं धरून ठेवा. राकसकोपचं असो की हिडकलचं, धरणाचं पाणी आहे, हलकं आहे. दोनशे लिटरचा फूड ग्रेड ड्रम घ्या, नळ आला की थेट तोटीवरून भरा, जमिनीखालच्या टाकीला लावू नका. मग सावकाश दिवसभरात आरओ चालवा. नळाला दोन-तीन तास पाणी असतं, तेवढ्यात आरओ उरकत नाही म्हणून ड्रम लागतोच.

हिशेब बसतो बघा. ७५ जीपीडी म्हणजे दिवसाला २८४ लिटर, तासाला जेमतेम बारा. तेही पाणी २५ अंशांवर असताना. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे ड्रममधलं पाणी १८ वर येतं, तेव्हा वीसेक टक्के कमी धरा. साडेचारशेचा एफआर (वाया जाणारं पाणी मिनिटाला ४५० मिलीवर आवळणारा तुकडा) लावला तर एक लिटर शुद्ध पाण्यामागे सव्वादोन लिटर बाहेर पडतं. दोनशेच्या ड्रममधून साठ लिटर शुद्ध निघतं. तुमची आठवड्याची गरज उडणारे २१ आणि पाणी बदलायला ३०, मिळून ५१. एका ड्रममध्ये एक आठवडा. १०० जीपीडी घेऊन लवकर संपवण्यात काही फायदा नाही.

स्वयंपाकघरातला आरओ कापू नका. त्याची टाकी भरली की फ्लोट पंप बंद करतो, मग तुमचा ड्रम अर्धाच राहतो आणि घरात रोज वाद. सुटे भाग घेऊन वेगळा जोडा. दहा इंची बाऊलमध्ये ५ मायक्रॉनची गाळ धरणारी कँडल, त्यानंतर कार्बन ब्लॉक, बूस्टर पंप, ७५ चं मेम्ब्रेन, एफआर, शेवटी उभा डीआय. पंप लागणारच. गच्चीवरची टाकी सहा मीटर उंच असली तरी दाब साडेआठ पीएसआयच्या आसपास मिळतो आणि मेम्ब्रेनला पन्नास तरी हवा. कार्बन वगळू नका, नळाच्या पाण्यातला क्लोरीन मेम्ब्रेन खाऊन टाकतो. यूव्ही, मिनरल, अल्कलाइन असली एकही स्टेज घेऊ नका. दुकानदार स्टेज मोजून दाखवतात, आपण शेवटचा आकडा बघायचा.

वडगावकर

हे वाचून डोकं शांत झालं. खरेदीला लागतो.

वडगावकर

(पाच आठवड्यांनी)

जोडलं! सगळे भाग बेळगावातच मिळाले, रेझिन तेवढं कोल्हापूरहून मागवलं. ड्रम धरून साडेसात हजार झाले. मित्राच्या मदतीने रविवारी भिंतीवर फळी ठोकून बसवलं. पहिल्या दिवशी पेनवर ० बघितला तेव्हा मुलीने फोटो काढून आजीला पाठवला.

पण एक घोटाळा झालाय. पहिले तीन आठवडे नळ अनियमित होता, मी घाईत ड्रम बोअरने भरला. आरओनंतर २८ येत होते, डीआयनंतर ०. टर्नर दादांच्या हिशेबाने लिटरभर रेझिनला नऊशे लिटर जायला हवं होतं. माझं रेझिन दोनशे लिटरच्या आतच पिवळं पडलं आणि पेन ७ दाखवू लागला. हाऊसिंग उघडला तर चक्क मासळीसारखा वास. रेझिन डुप्लिकेट निघालं का?

उद्यमबाग_टर्नर

रेझिन चांगलं आहे. तो वास ऋण आयन पकडणाऱ्या दाण्यांचा असतो, अमाइनचा, संपलेल्या रेझिनला येतो. घाबरू नका.

चोर दुसरा आहे, तो बोअरच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. वायू असल्यामुळं मेम्ब्रेन त्याला अडवत नाही, पेनला पण दिसत नाही. सरळ रेझिनमध्ये जातो आणि तिथं ऋण आयनची जागा खातो. लिटरला २० मिलिग्रॅम जरी असला तरी तुमच्या २८ टीडीएसच्या जवळपास तेवढाच भार तो एकटा टाकतो. आमच्या प्लँटला म्हणूनच मधी वायू काढून टाकणारा डीगॅसर टॉवर आहे.

घरात तपासायचं सोपं आहे. बोअरचं ताजं पाणी दोन ग्लासात घ्या. एकाचा पीएच लगेच मोजा. दुसऱ्यात एअर पंपाचा दगड टाकून रात्रभर बुडबुडे सोडा, सकाळी मोजा. पीएच वर चढला तर वायू होता. मग आरओचं पाणी आधी एका डब्यात घ्यायचं, रात्रभर हवा द्यायची, सकाळी छोट्या पंपानं डीआयमधून काढायचं.

टिळकवाडी_रीफ

टर्नर दादांनी नेमकं पकडलं. एक भर घालतो. रेझिन संपायला लागलं की सगळ्यात आधी सैल धरलेली सिलिका सुटते, आणि ती पेनला दिसत नाही. म्हणजे पेन १ दाखवेपर्यंत थोडी सिलिका टाकीत पोचलेली असते. दोन छोटे डीआय एकापुढे एक लावा. पहिल्यातून बाहेर पडणारं पाणी मोजा. तिथं १ दिसला की पहिलं रेझिन टाकून द्या, दुसरा पहिल्याच्या जागी, नवीन दुसऱ्याच्या जागी.

आणि आरओ सुरू केल्यावर पहिल्या पाच मिनिटांचं पाणी डीआयमध्ये सोडू नका. मशीन बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार सारखे होत जातात, म्हणून पहिलं पाणी नेहमी वाईट येतं. रोज अर्धा अर्धा लिटर काढणारे याच कारणाने रेझिन लवकर संपवतात. आठवड्यातून एकदा, एकदम ड्रमभर काढा.

वडगावकर

ग्लासांचा प्रयोग केला. ताजं बोअर ६.८, सकाळी ७.९. वायूच.

नळाचं ताजं ७.४ होतं आणि सकाळी ७.५. म्हणजे नळाच्या पाण्याला हवा द्यायची गरजच नाही. आता पक्कं ठरवलंय, बोअर फक्त अगदी नाइलाज झाला तर, आणि तेव्हा रात्रभर हवा देऊन. पन्नास लिटरचा एक जास्तीचा डबा आणून ठेवलाय, त्यात शुद्ध पाणी कायम शिल्लक राहील, म्हणजे नळ चुकला तरी घाई नको.

चंदगडी

बॅटरीचं पाणी म्हणून कॅन मिळतात ते नाइलाजाला चालत नाहीत का? एक मित्र वापरतोय.

निपाणीकरीण

माझं मत विचाराल तर, ते वापरू नका. ते बॅटरीसाठी बनवलेलं असतं, कोणत्या भांड्यातून, कोणत्या नळीतून आलं ते कॅनवर लिहिलेलं नसतं. तांब्याच्या नळीतून ऊर्ध्वपातन केलेलं असेल तर पेन शून्याजवळ दाखवेल आणि कोळंबी जाईल. तांब्याची किट लावून बघितल्याशिवाय नाही.

वडगावकर

(जूनचा दुसरा आठवडा)

बरेच दिवसांनी लिहितोय. सलग दहा आठवडे नळाच्या पाण्यावर आहे. डीआयच्या आधी ३ ते ४, नंतर ०. नवीन रेझिनचा रंग खालच्या बोटभर भागातच बदललाय.

तपकिरी थर एकदम गेला नाही. पहिला महिना जसाच्या तसा होता, मी धीर सोडायच्या बेतात होतो. वाळूत आणि दगडात आधीची सिलिका मुरलेली असणार, ती संपायला वेळ लागला. दर आठवड्याला तीस लिटर बदलत राहिलो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात काच तीन दिवस स्वच्छ राहिली. आता रविवारी एकदा पुसतो. मागच्या काचेवर जांभळे ठिपके आलेत, कोरलाइन शेवाळ आहे ना हे? शंख त्यावर चढत नाहीत.

वाया जाणारं पाणी दुसऱ्या ड्रममध्ये घेतो. आई त्यातच कपडे भिजवते आणि उरलेलं तुळशीला, जास्वंदीला जातं. अथणीच्या दादांचा प्रश्न वाचल्यापासून मोरीत एक बादलीही सोडलेली नाही.

एक सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला आणि नळाला लालसर पाणी आलं. कँडल काढली तर पांढरी होती ती काव फासल्यासारखी झालेली, वरून खाली एकसारखी. पाण्याने धुतली तरी रंग सुटला नाही, नवीनच घातली. पावसाळ्यात कँडल किती दिवसांनी बदलायची?

टिळकवाडी_रीफ

जांभळे ठिपके म्हणजे कोरलाइनच. अभिनंदन, मनापासून. ते यायला कॅल्शियम, अल्कलिनिटी (पीएच सावरून धरणारे क्षार) टिकून असावी लागते, म्हणजे टाकी सावरली. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, अल्कलिनिटी तिच्या मापात, म्हणजे डीकेएचमध्ये, ८-९ च्या आसपास ठेवा.

पावसाळ्यात दिवस मोजू नका, रंग बघा. पारदर्शक बाऊल असेल तर बाहेरूनच कळतं. माझी जुलैत दहा-बारा दिवसांत जाते, उन्हाळ्यात तीन महिने चालते. लाल पाणी आलं की ड्रम भरून एक दिवस स्थिर ठेवा, गाळ खाली बसतो, मग तळापासून चार बोटं वरून पंपाची नळी लावा. आणि पाणी गढूळ असतं तेव्हा क्लोरीनही जास्त टाकलेला असू शकतो, तर कँडलबरोबर कार्बन ब्लॉककडेही बघा. क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब मिळतात, कार्बननंतरच्या पाण्यात टाका, पिवळं झालं तर कार्बन संपला.

प्रवाळाचं काय ठरवलंय?

वडगावकर

बाऊल पारदर्शकच आहे, बरं झालं.

प्रवाळासाठी ऑगस्टपर्यंत थांबतो. विक्रेत्याकडे आयातीची कागदपत्रं मागितली आहेत, ती आली तरच घेईन. पहिला मश्रूम प्रवाळच, मुलीने जागाही ठरवून ठेवली आहे, डावीकडच्या दगडाच्या खोबणीत. आज सोमवार, पहाटे पाच वाजता नळ आला. ड्रम भरलाय, कालच्यापेक्षा पाणी निवळ आहे. टीडीएस ७८.